फुटबॉल क्लबांचं जूनअखेर आणि खेळाडूंचा बाजार

2024 च्या जूनमधल्या शेवटच्या दहा दिवसांत इंग्लंडमध्ये एक विचित्र बाजार भरला. अ‍ॅस्टन व्हिलाने ओमारी केलीमन हा प्रीमियर लीगमध्ये जेमतेम मैदानात उतरलेला पोरगा सुमारे 1.9 कोटी पौंडांना चेल्सीला विकला आणि त्याच सुमारास चेल्सीच्या अकादमीतला इयान माटसेन सुमारे 3.75 कोटी पौंडांना घेतला. व्हिलाचा टिम इरोएग्बुनाम एव्हर्टनला गेला, एव्हर्टनचा लुईस डॉबिन व्हिलाकडे आला. न्यूकॅसलने घरच्या मातीतला एलियट अँडरसन नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिला आणि फॉरेस्टचा गोलकीपर व्लाखोदिमोस आपल्याकडे आणला. यांकुबा मिंटेह तर न्यूकॅसलकडून एकही सामना न खेळता ब्रायटनला विकला गेला.

सांगली-मिरजेला फुटबॉल नवं नाही. शेजारी कोल्हापूर आहे, आणि शनिवारी-रविवारी रात्री प्रीमियर लीग बघत बसणारी पोरं विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत सगळीकडे आहेत. असले सौदे झाले की त्यांच्या ग्रुपवर हमखास प्रश्न येतो: "न्यूकॅसलच्या मालकाकडं तेलाचा पैसा हाय, मग घरचं पोरगं कशाला इकतोय?"

याचं उत्तर कोचला विचारून मिळत नाही, क्लबच्या हिशेबनिसाकडे मिळतं. आपल्या पतसंस्था आणि कारखान्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं, तसं इंग्लंडमधल्या बहुतेक क्लबांचं 30 जूनला. त्या तारखेपर्यंत ताळेबंद नियमात बसला नाही तर गुण कापले जातात. मालक कितीही गडगंज असला तरी तो तोटा हवा तेवढा भरून देऊ शकत नाही, कारण नियमांचं बोट मालकाच्या खिशावर नसून क्लबच्या तोट्यावर आहे.

यात मेख एकच आहे. खेळाडू घेतला की खर्च वहीत सावकाश चढतो; विकला की नफा एका दिवसात जमा होतो. ट्रान्सफर बाजारातल्या बहुतेक चमत्कारिक गोष्टी या एका फरकातून निघतात.

खरेदी वहीत कशी चढते

सांगलीचा एक क्लब आहे असं धरू. वर्षाचं उत्पन्न 100 कोटी रुपये. त्याने 50 कोटींना एक फॉरवर्ड घेतला, करार 5 वर्षांचा, पगार वर्षाला 8 कोटी. बातमीत '50 कोटी खर्च' असं येईल. वहीत मात्र पहिल्या वर्षी त्या 50 पैकी 10 कोटीच लागतात. खेळाडूच्या नोंदणीचा हक्क ही क्लबची मालमत्ता धरली जाते आणि तिची किंमत कराराच्या वर्षांवर सारखी वाटली जाते. याला अमॉर्टायझेशन म्हणतात. यंत्रावर घसारा काढणाऱ्या कुणाही सीएला हे नवं नाही. पगार मात्र ज्या वर्षीचा त्या वर्षी पूर्ण पडतो. म्हणजे हा फॉरवर्ड क्लबला वर्षाला 18 कोटींना पडला. या खरेदीसाठी एजंटला दिलेलं कमिशनही किमतीत मिळवून तसंच वर्षांवर वाटलं जातं.

इथे बरेच जण गोंधळतात. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे ठरले म्हणून नियमाच्या हिशेबात काहीच फरक पडत नाही. हप्ते हा रोकडीचा विषय आहे. 50 कोटी आज एकरकमी दिले काय आणि तीन वर्षांत फेडले काय, वहीत दरवर्षी 10 कोटीच चढणार. हप्त्यांचा फायदा बँकेतल्या शिलकीला होतो, तोट्याच्या आकड्याला नाही. 'हप्त्यावर घेतलाय, नियमात बसेल' असं वाक्य मोठमोठ्या वाहिन्यांवरही ऐकू येतं. ते चूक आहे.

दोन वर्षं गेली की त्या फॉरवर्डची वहीतली किंमत 30 कोटी उरते. ही पुस्तकी किंमत. आता तो 35 कोटींना विकला तर 5 कोटी नफा. घेतला 50 ला आणि विकला 35 ला, तरी नफा. 25 ला विकला तर 5 कोटी तोटा, आणि तो त्याच वर्षात पूर्ण पडतो.

यावरून एक नेहमीचं कोडं सुटतं: नकोसा झालेला महागडा खेळाडू क्लब पटकन विकून का टाकत नाही? मँचेस्टर युनायटेडने 2022 मध्ये अँटनीला आयॅक्सकडून 9.5 कोटी युरोंच्या घरात घेतलं, करार 5 वर्षांचा. ढोबळ हिशेबाने वर्षाला 1.9 कोटी युरो. दोन वर्षांनी वहीत 5.7 कोटी शिल्लक होते आणि तेवढे द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून जानेवारी 2025 मध्ये त्याला आधी रेआल बेटिसला उसना दिला आणि त्या उन्हाळ्यात 2.2 कोटी युरो अधिक काही अटींवरची रक्कम घेऊन विकला. तोवर पुस्तकी किंमत 3.8 कोटींवर उतरली होती. तोटा झालाच, पण वर्षभर आधी विकला असता तर जेवढा झाला असता त्यापेक्षा बराच कमी.

करार वाढवण्यामागेही हाच हिशेब असतो. आपल्या फॉरवर्डची 3 वर्षं झाली, वहीत 20 कोटी उरले, करार 2 वर्षांचा उरला. आज त्याला नवा 4 वर्षांचा करार दिला तर ते 20 कोटी 4 वर्षांवर वाटले जातात आणि वर्षाचा बोजा 10 वरून 5 कोटींवर येतो. 'निष्ठेचं बक्षीस' म्हणून जाहीर होणाऱ्या काही करारांमागे एवढंच असतं. अर्थात नव्या करारात पगार वाढतो, आणि वाढ 5 कोटींच्या वर गेली तर सगळी कसरत फुकट.

घरचा खोंड

अकादमीत वाढलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य असते, कारण त्याला कुणाकडून विकत घेतलेलंच नसतं. खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार पाहिलेल्याला हे जास्त समजावावं लागणार नाही. घरच्या गाईचा खोंड विकला तर आलेली सगळी रक्कम नफा. दोन वर्षांपूर्वी बाजारातून आणलेला विकला तर त्यातून खरेदीची किंमत वजा करावी लागते. वैरणीचं काय, असं कुणी विचारेल. ती त्या-त्या वर्षीच्या खर्चात पडून गेलेली असते. अकादमीचा खर्चही असाच दरवर्षी लिहून संपलेला असतो, आणि प्रीमियर लीगच्या हिशेबात तर तो तोट्यातून वगळलाही जातो.

म्हणून मेसन माउंट 2023 मध्ये सुमारे 5.5 कोटी पौंडांना युनायटेडला गेला तेव्हा चेल्सीच्या वहीत ती जवळपास सगळी रक्कम नफा म्हणून आली. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीने कोल पामर सुमारे 4 कोटींना चेल्सीला दिला, तोही तसाच नफा. पुढच्या वर्षी चेल्सीने कॉनर गॅलाघर अ‍ॅटलेटिको माद्रिदला विकला. प्रेक्षकांना जीव लावलेली, त्याच गावात वाढलेली पोरं आधी विकली जातात याचं कारण त्यांचा खेळ नाही. वहीत त्यांच्याइतकं फायद्याचं दुसरं काही नसतं. आमच्या मते या सगळ्या नियमांचा सर्वांत वाईट परिणाम हाच आहे: क्लबचा पाया मजबूत राहावा म्हणून आणलेला नियम पाया विकायलाच लावतो.

अदलाबदलीत दोघेही फायद्यात कसे?

आता खरेदी आणि विक्री एकत्र मांडू. सांगलीच्या क्लबने अकादमीतला बॅक 30 कोटींना साताऱ्याच्या क्लबला विकला आणि साताऱ्याच्या अकादमीतला विंगर 30 कोटींना घेतला, 5 वर्षांच्या करारावर. रोकड एक रुपयाही हलली नाही. पण सांगलीच्या वहीत या वर्षी 30 कोटी नफा आणि खर्च फक्त 6 कोटी. साताऱ्याचंही तेच. दोघांचा ताळेबंद 24-24 कोटींनी सुधारला.

मग दोघांनी मिळून किंमत 30 ऐवजी 45 का लावू नये? लावली तर आजचा फायदा 36 कोटी. हाच मोह आहे. अडचण पुढच्या वर्षी येते. सांगलीच्या वहीत आणखी 4 वर्षं दरवर्षी 9 कोटी खर्च पडत राहणार, आणि विकायला तसा दुसरा बॅक नसतो. खड्डा भरायला पुन्हा कुणीतरी विकायचा, म्हणजे पुन्हा नवा खड्डा.

2020 मध्ये बार्सिलोनाचा आर्थर 7.2 कोटी युरोंना युव्हेंटसकडे आणि युव्हेंटसचा मिरालेम प्यानिच 6 कोटी युरोंना बार्सिलोनाकडे गेला. प्रत्यक्षात फक्त मधल्या फरकाची देवघेव होती, पण दोन्ही वह्यांत मोठे नफे दिसले. इटलीत असे फुगवलेले नफे हा पुढे चौकशीचा विषय झाला आणि युव्हेंटसचे 2022-23 च्या हंगामात शेवटी 10 गुण कापले गेले. एखादी किंमत फुगवलेली आहे हे सिद्ध करणं मात्र फार अवघड असतं. वीस वर्षांच्या पोराला बाजारभावाचा फलक नसतो.

नियम नेमके काय म्हणतात

इंग्लंडचा 2025-26 च्या हंगामापर्यंतचा नियम पीएसआर (प्रॉफिट अँड सस्टेनेबिलिटी रूल्स) नावाने ओळखला जातो. तीन हंगामांत मिळून जास्तीत जास्त 10.5 कोटी पौंड तोटा चालतो, म्हणजे हंगामाला सरासरी 3.5 कोटी. त्यातलाही दीड कोटीपुढचा तोटा मालकाने भांडवल घालून भरलेला असावा लागतो, कर्ज देऊन नाही. क्लब खालच्या चॅम्पियनशिप विभागात असेल तर त्या हंगामापुरती मर्यादा 1.3 कोटी. अकादमी, महिला संघ, समाजकार्य आणि मैदानासारख्या बांधकामांवरचा घसारा हे खर्च तोट्यातून वगळले जातात. बातमीत आलेला तोट्याचा आकडा आणि पीएसआरचा आकडा जुळत नाही तो यामुळे.

एव्हर्टनचा तोटा 2021-22 ला संपणाऱ्या मुदतीत 12.45 कोटी पौंड धरला गेला, मर्यादेपेक्षा 1.95 कोटी जास्त. नव्या स्टेडियमच्या कर्जावरचं व्याज वगळावं असं क्लबचं म्हणणं होतं, ते मान्य झालं नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये 10 गुण कापले, अपिलात ते 6 वर आले, आणि पुढच्या मुदतीतल्या वेगळ्या उल्लंघनासाठी आणखी 2 गेले.

फॉरेस्टचं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. तीनपैकी दोन हंगाम चॅम्पियनशिपमध्ये गेल्याने त्यांची मर्यादा 1.3 + 1.3 + 3.5 म्हणजे 6.1 कोटी पौंडच होती. प्रीमियर लीगमध्ये वर आल्यावर त्यांनी एका उन्हाळ्यात वीसहून जास्त खेळाडू घेतले आणि मर्यादा 3.45 कोटींनी ओलांडली. हातात अकादमीतला ब्रेनन जॉन्सन होता. जून 2023 अखेरच्या आत विकला असता तर बराचसा खड्डा बुजला असता. पण तेव्हा मिळणारी किंमत कमी होती म्हणून क्लब थांबला आणि 1 सप्टेंबरला तो टॉटनहॅमला 4.75 कोटींना गेला. व्यवहार म्हणून हा शहाणपणा होता, कारण दोन महिन्यांत भाव वाढला. पण ते पैसे पुढच्या हिशेब वर्षात पडले. 'थोडक्यात हुकलो, उलट क्लबचं भलंच केलं' हा युक्तिवाद प्रकरण ऐकणाऱ्या स्वतंत्र आयोगाने फेटाळला आणि 4 गुण कापले. क्लबने सहकार्य केलं म्हणून 6 चे 4 झाले, एवढीच सूट.

फॉरेस्टचा हा निकाल मार्च 2024 मध्ये लागला आणि तीन महिन्यांत जूनचा तो बाजार भरला. हा योगायोग नाही. जूनअखेर विकायला निघालेला क्लब अडलेला आहे हे समोरच्याला माहीत असतं. त्यामुळे एक तर भाव पडतो, नाहीतर दोन अडलेले एकमेकांना गाठतात. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी उघडी असते ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. 2025 मध्ये ती 1 सप्टेंबरला आपल्या घड्याळात रात्री साडेअकराला बंद झाली आणि लोक तोवर जागे राहिले. वहीपुरती ती रात्र बिनमहत्त्वाची आहे. हिशेबाची खरी शेवटची रात्र 30 जून.

युरोपच्या स्पर्धा खेळणाऱ्यांना युएफाचे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचे, नियम वेगळे पाळावे लागतात. 2022 मध्ये जुन्या 'फायनान्शियल फेअर प्ले'ची जागा नव्या नियमावलीने घेतली. त्यात तीन वर्षांचा स्वीकार्य तोटा 6 कोटी युरो, आर्थिक तब्येत चांगली असलेल्या क्लबांना 9 कोटींपर्यंत. शिवाय संघखर्चाचं प्रमाण: खेळाडूंचे आणि मुख्य कोचचे पगार, अमॉर्टायझेशन आणि एजंटांचे पैसे मिळून उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या आत हवेत. 2023 ला 90 टक्के, 2024 ला 80, आणि 2025 पासून 70. हे प्रमाण मोजलं जातं कॅलेंडर वर्षावर, म्हणजे इथे जूनऐवजी डिसेंबरअखेर.

प्रीमियर लीगच्या क्लबांनीही नोव्हेंबर 2025 मध्ये पीएसआर सोडून असंच प्रमाण घ्यायचं ठरवलं. ते 2026-27 च्या हंगामापासून, आणि टक्केवारी 85. आपल्या क्लबवर मांडून पाहू. उत्पन्न 100 कोटी, खेळाडू विकून झालेला नफा 12 कोटी, एकूण 112. पगार 55, अमॉर्टायझेशन 28, एजंट 3, असा खर्च 86. 85 टक्क्यांनी मर्यादा 95.2, म्हणजे आरामात बसतो. 70 टक्क्यांनी मर्यादा 78.4, म्हणजे 7.6 कोटींनी बाहेर. हाच क्लब देशात निर्दोष आणि युरोपात दोषी. चेल्सी आणि व्हिलाला जुलै 2025 मध्ये युएफाने अनुक्रमे 3.1 कोटी आणि 1.1 कोटी युरो दंड केला तो याच फटीत सापडल्यामुळे. दंडापेक्षा जाचक होती ती अट: बाहेर गेलेल्या खेळाडूंमुळे जेवढा खर्च वाचेल त्याच्या आतच नव्यांची नोंद युरोपच्या यादीत करता येईल. खेळाडू घेतला, पण चॅम्पियन्स लीगला खेळवता येत नाही, असं होतं ते इथे.

प्रमाणाच्या नियमात बाजाराचं गणितही बदलतं. पीएसआरमध्ये विक्रीचा एक रुपया नफा पूर्ण एक रुपया मोजला जायचा. प्रमाणात तो उत्पन्नाच्या बाजूला पडतो, म्हणजे त्यातून खर्चाला फक्त 70 किंवा 85 पैशांची जागा निघते; आणि युएफा तर विक्रीच्या नफ्याची तीन वर्षांची सरासरी धरते. एका रात्रीत पोरगं विकून वर्ष वाचवणं त्यामुळे कठीण होतं. उलट जास्त पगार घेऊन बाकावर बसणारा खेळाडू काढण्याची किंमत वाढते, कारण त्याचा पगार आणि अमॉर्टायझेशन दोन्ही खर्चातून पूर्ण उतरतात. आधीच्या उदाहरणातला 18 कोटी वर्षखर्चाचा फॉरवर्ड 70 टक्क्यांत बसवायला पावणेसव्वीस कोटींचं नवं उत्पन्न लागतं. म्हणून प्रायोजक, तिकीट, टीव्हीचे हक्क. आपल्याकडच्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) पगारावर सगळ्यांना एकच मर्यादा ठेवण्याची पद्धत राहिली आहे. युरोपात तसं नाही. तिथे ज्याचं उत्पन्न मोठं त्याची मर्यादा मोठी, आणि मोठे क्लब मोठेच राहतात ही तक्रार त्यातूनच येते. तक्रार खरी आहे.

स्पेनची तऱ्हा निराळी. तिथे हंगाम संपल्यावर शिक्षा करत बसत नाहीत. ला लीगा ही तिथली अव्वल लीग आधीच प्रत्येक क्लबला संघखर्चाचा आकडा ठरवून देते, आणि त्यात न बसणाऱ्या खेळाडूची नोंदणीच होत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये मेस्सी बार्सिलोनातून गेला तो असा. दोन्ही बाजू राजी होत्या, नोंदणीला जागा नव्हती. मर्यादेच्या बाहेर असलेल्या क्लबला तर वाचवलेल्या पैशाचा काही भागच नव्यावर खर्च करता येतो. पुढच्या वर्षी बार्सिलोनाने टीव्ही हक्कांच्या आपल्या वाट्यातले 25 टक्के 25 वर्षांसाठी विकून जागा काढली. तरी डानी ओल्मोची नोंदणी 31 डिसेंबर 2024 ला संपली आणि सरकारी क्रीडा परिषदेच्या तात्पुरत्या आदेशावर त्याला खेळवावं लागलं. आम्हाला तिन्हींत स्पेनची पद्धत बरी वाटते. शिक्षा आधी कळते, आणि दोन वर्षांपूर्वीच्या हिशेबासाठी आजच्या संघाचे गुण जात नाहीत.

पळवाटा, आणि त्या कशा बुजल्या

पहिली लांब कराराची. चेल्सीने जानेवारी 2023 मध्ये एन्झो फर्नांडेझला 10.68 कोटी पौंडांना साडेआठ वर्षांच्या करारावर घेतलं. वर्षाचा बोजा साधारण 1.26 कोटी. पाच वर्षांचा करार असता तर 2.14 कोटी झाला असता. युएफाने त्या उन्हाळ्यापासून आणि प्रीमियर लीगने डिसेंबर 2023 मध्ये ठरवलं की करार कितीही लांब असो, किंमत जास्तीत जास्त 5 वर्षांवर वाटायची. आधीच्या करारांना हात लावला नाही. लांब करारात एक जोखीम राहतेच: खेळाडू फसला तर पुस्तकी किंमत हळू उतरते आणि तोट्याशिवाय विकता येत नाही.

दुसरी, स्वतःचीच मालमत्ता स्वतःला विकायची. चेल्सीने दोन हॉटेलं 7.65 कोटी पौंडांना आपल्याच समूहातल्या कंपनीला विकली आणि 2024 च्या जूनअखेरच्या तोंडावर महिला संघही तसाच मूळ कंपनीकडे वर्ग करून जवळजवळ 20 कोटी पौंड नफा दाखवला. इंग्लंडच्या नियमात हे बसत होतं. युएफा असा नफा धरत नाही, आणि मग एकाच वर्षाचे दोन निकाल लागतात.

तिसरी उसनवारीची. 2017 मध्ये नेमारसाठी 22.2 कोटी युरो मोजल्यावर त्याच उन्हाळ्यात पॅरिस सेंट-जर्मेन क्लबने एम्बापेला मोनॅकोकडून एक वर्ष उसना घेतला आणि 18 कोटींची खरेदी पुढच्या वर्षावर ढकलली. आता उसन्या करारात पुढे घ्यायची बिनशर्त सक्ती असेल तर ती पहिल्या दिवसापासून खरेदीच धरतात. म्हणून आजकाल 'संघ विभागात टिकला तर' किंवा 'इतके सामने खेळला तर' अशा अटी घातलेल्या दिसतात. अट घडणार हे उघड असेल तर तीही खरेदीच धरली जाते.

प्रायोजकांच्या आकड्यांनाही चाळणी आहे. 2021 मध्ये सौदीच्या निधीने न्यूकॅसल घेतल्यावर प्रीमियर लीगने मालकाशी संबंधित कंपन्यांचे करार बाजारभावाला तपासण्याचा नियम आणला. त्यामुळे मालकाची कंपनी शर्टावर नाव घालून हवे तेवढे पैसे ओतू शकत नाही. ग्रुपवरच्या त्या तेलाच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे.

एखादी बातमी आली की किमतीआधी करार किती वर्षांचा ते पाहावं, म्हणजे वर्षाचा बोजा निघतो. त्यात पगार मिळवावा. विकला असेल तर कधी, कितीला घेतला होता ते शोधून पुस्तकी किंमत काढावी. तारीख 30 जूनच्या अलीकडची की पलीकडची, आणि क्लब युरोपात खेळतोय का, एवढं कळलं की बहुतेक सौद्यांमागचं कारण पाच मिनिटांत कागदावर मांडता येतं. बिनपैशाने आलेल्या खेळाडूला 'फुकट' समजू नये. त्याचा सही-बोनस, एजंट आणि पगार मिळून तो बऱ्याचदा विकत घेतलेल्याइतकाच पडतो.

या पैशातला आपला वाटा

या बाजाराचा एक धागा सांगली-साताऱ्याच्या क्लबांपर्यंत येऊ शकतो. फिफाचा नियम आहे की खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबला गेला तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक वर्षाला किमतीच्या 0.25 टक्के, 16 ते 23 मधल्या प्रत्येक वर्षाला 0.5 टक्के. समजा एक पोरगा 12 ते 15 अशी चार वर्षं मिरजेच्या क्लबकडे आणि पुढची दोन वर्षं साताऱ्यात होता आणि बाविसाव्या वर्षी परदेशी क्लबने 10 कोटी रुपये मोजून त्याला नेला. मिरजेचा वाटा 1 टक्का, म्हणजे 10 लाख, साताऱ्याचाही तेवढाच. करार संपल्यावर बिनपैशाने गेला तर या वाट्यात काहीच येत नाही. घडणावळीच्या भरपाईचा नियम वेगळा आहे, त्याच्या अटीही वेगळ्या.

हे पैसे नोव्हेंबर 2022 पासून फिफाच्या पॅरिसमधल्या क्लिअरिंग हाऊसमार्फत जातात. खेळाडू कुठल्या वर्षी कुठल्या क्लबकडे होता हे इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवर पाहिलं जातं आणि तो पासपोर्ट बनतो राष्ट्रीय महासंघाच्या नोंदीतून. गाडं अडतं ते इथे. पोरगा चार वर्षं क्लबच्या मैदानावर सराव करतो, गावोगावच्या स्पर्धा खेळतो, पण क्लब जिल्हा संघटनेमार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी संलग्न नसतो, किंवा असला तरी पोराची नोंदणी भारतीय महासंघाच्या सीआरएस प्रणालीत केलेली नसते. शाळेच्या संघातून खेळलेली वर्षं क्लबच्या खात्यात लागत नाहीत. कधी आधार कार्डावरची जन्मतारीख आणि नोंदणीतली तारीख जुळत नाही. दहा वर्षांनी ही नोंद मागे जाऊन उभी करणं फार अवघड जातं. त्यामुळे बाराव्या वर्षापासून दर हंगामाला सीआरएस नोंदणी, तिची छापील प्रत, जन्मदाखल्याची नक्कल आणि पोरगा दुसरीकडे गेला तर सोडल्याच्या तारखेचा कागद, हे एका फायलीत ठेवावं. क्लबच्या नावाचं बँक खातं आणि पदाधिकाऱ्यांची चालू यादीही हवी, कारण पैसे सोडण्याआधी क्लिअरिंग हाऊस क्लबची कागदपत्रं तपासतं आणि कुणाच्या वैयक्तिक खात्यात रक्कम देत नाही.